पाच जूनची ३०० रोपं आणि नंतरची १६ मुलं: पुण्यातल्या एका टेकडीच्या पायथ्याचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं आहे. वस्ती, संस्था, कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटवणारे तपशील गाळले आहेत. टेकडीवर झाडं लावणं-जगवणं आणि त्यातून वस्तीतल्या मुलांना रोजगार मिळवून देणं, हे आमच्या संस्थेचं काम. मी त्याची तीन वर्षं समन्वयक होते. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

पुण्यात टेकडी म्हणजे सकाळच्या फिरण्याची जागा. पण टेकडीच्या पायथ्याला राहणाऱ्यांची टेकडी वेगळी असते. आमची वस्ती अशाच एका पायथ्याला आहे. बायका आसपासच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामं करतात. पुरुष रंगकाम, गवंडीकाम करतात, काही रिक्षा चालवतात. मुलं दहावी-बारावीपर्यंत शिकतात आणि मग डिलिव्हरीला लागतात, नाहीतर सीझनला मांडववाल्याकडे जातात. ही मुलं टेकडीवरच खेळून मोठी झालेली. कुठल्या घळीत पावसाळ्यात पाणी साचतं, कुठून वणवा चढतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मात्र या माहितीचे कोणी पैसे देईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्या काळात झाडं लावण्याचा जोर मोठा होता. राज्य सरकारने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी रोपांची मोहीम राबवली. पहिल्या वर्षी १ जुलैला एका दिवसात २ कोटी रोपांचं लक्ष्य होतं, शेवटच्या वर्षी पूर्ण मोसमाचं लक्ष्य ३३ कोटींवर गेलं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित रोजगारांसाठी कौशल्य परिषद उभी केली होती आणि २०१७ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तरुणांसाठी हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला. २०२० च्या पर्यावरण दिनी नगर वन योजना जाहीर झाली तेव्हा पुण्यातल्याच वारज्याच्या वनाचा दाखला दिला गेला. थोडक्यात, झाडं आणि रोजगार हे दोन्ही शब्द एका वाक्यात ऐकू येत होते.

आमच्याकडे एक कंपनी आली ती याच वाक्यासह. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्या कायद्याच्या यादीत पर्यावरणही आहे आणि रोजगारासाठीचं कौशल्य प्रशिक्षणही. कंपनीला एका कार्यक्रमात दोन्ही हवं होतं. आम्हाला पैसे हवे होते. आम्ही हो म्हणालो.

पहिला कार्यक्रम

तारीख ठरली पाच जून. ३०० रोपं, मंडप, टी-शर्ट, कंपनीचे कर्मचारी, वस्तीतल्या गणेश मंडळाची मुलं, नगरसेवक, नाश्ता. खड्डे आदल्या दोन दिवसांत खणले. टेकडीच्या पायथ्याची ती पट्टी महापालिकेची. तिथे पूर्वी कोणीतरी बांधकामाचा राडारोडा टाकलेला. पहार मारली की फुटभर खाली विटांचे तुकडे आणि सिमेंट लागायचं. मुलांनी जमेल तेवढं खणलं. जिथे दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा हवा, तिथे बऱ्याच ठिकाणी एक फूटही झाला नव्हता.

त्या दिवशी वस्तीत राहणारे एक निवृत्त माळी आले होते. महापालिकेच्या बागांमध्ये आयुष्य गेलेले. आम्ही सगळे त्यांना माळीकाका म्हणायचो. त्यांनी एक रोप पिशवीतून काढलं, उलटं धरलं आणि मला दाखवलं. मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळली गेली होती. "ताई, हे पिशवीत दोन वर्षं पडून आहे. हे असंच लावलं तर मूळ बाहेर पडायचंच नाही, आपल्याभोवतीच फिरत राहील." मी म्हटलं, काका, आत्ता पाहुणे आलेत, नंतर बघू.

ते वाक्य मला अजून आठवतं.

पाच जूनबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण या प्रकरणातली पहिली चूक तारखेत आहे. पाच जून हा जागतिक पर्यावरण दिन झाला तो स्टॉकहोमला १९७२ साली त्या दिवशी सुरू झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेमुळे. आपल्या मातीशी त्या तारखेचा संबंध नाही. पुण्यात मोसमी पाऊस येतो तो साधारण दहा जूनच्या आसपास, आणि आला तरी पहिल्या सरींनी मुरमाड जमीन खोलवर भिजत नाही. आपल्याकडचा वनमहोत्सव कन्हैयालाल मुनशींनी १९५० मध्ये सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि तो काळ लागवडीला खरोखर धरून आहे. आमच्याकडे त्या वर्षी जूनचे पहिले दोन आठवडे कोरडे गेले. पाण्याच्या टँकरची तरतूद नव्हती. मंडळाच्या मुलांनी चार-पाच दिवस कॅन भरून पाणी घातलं. मग पालख्या पुण्यात आल्या, मुलं वारकऱ्यांच्या सेवेला गेली, आणि रोपं तशीच राहिली.

पुढच्या वर्षी मेअखेर आम्ही मोजली. ३०० पैकी ४१ जिवंत.

प्रशिक्षणाची पहिली तुकडी

कार्यक्रमाला जोडून तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं. नाव नोंदवली २२ मुलांनी, त्यात पाच मुली. वर्ग एका समाजमंदिरात. आठवड्याला चार दिवस, दहा ते चार. रोपांची ओळख, खतं, कीड, छाटणी, बागेची आखणी. शिकवणारे चांगले होते. शेवटी प्रमाणपत्र.

पूर्ण केलं पाच जणांनी. बाकीची एकेक करून गळाली. आम्ही आधी म्हणालो, मुलांना चिकाटी नाही. ते खोटं होतं, आणि ते खोटं असल्याचं मला एका आईने सांगितलं. तिचा मुलगा तिसऱ्या आठवड्यात बंद झाला होता. मी विचारायला घरी गेले तर ती म्हणाली, "ताई, तो दहा ते चार तुमच्याकडं बसला तर दुपारच्या जेवणाच्या ऑर्डरी जातात. त्या वेळेलाच तर पैसे मिळतात." ज्या तासांना डिलिव्हरीत सर्वांत जास्त कमाई, नेमके तेच तास आम्ही मागत होतो, आणि त्याबदल्यात देत होतो एक कागद.

ज्या पाच जणांनी पूर्ण केलं त्यातल्या तिघांना एका ठेकेदाराकडे काम मिळालं. उद्यानाच्या देखभालीचा ठेका होता. दोन महिने काम केलं, पगार उशिरा मिळाला, तिसऱ्या महिन्याचा मिळालाच नाही. तिघंही बाहेर पडले. वस्तीत शब्द पसरला की झाडांच्या कामात पैसा बुडतो.

खरी अडचण

वर्षअखेरीस आम्ही बसलो तेव्हा माझ्या वहीत दोन वेगळी अपयशं लिहिलेली होती: रोपं मेली, मुलं गळाली. माळीकाकांनी ती एक केली. म्हणाले, रोपं मेली कारण त्यांच्यामागे कोणाचा रोज नव्हता, आणि मुलं गळाली कारण त्यांच्यासमोर कोणाचा रोज नव्हता. जगवण्याच्या कामाला पैसे ठेवले असते तर रोपं आणि मुलं दोन्ही टिकली असती.

हिशोब तपासला तर तसंच निघालं. कंपनीच्या रकमेचा मोठा भाग कार्यक्रमाच्या एका दिवसावर गेला होता. रोपं, मंडप, टी-शर्ट, प्रवास, नाश्ता. पाणी, निंदणी, आळं करणं, काठी बांधणं, उन्हाळ्यातलं आच्छादन, वणवा अडवायला गवत काढून करायची मोकळी पट्टी म्हणजे जाळरेषा, यांच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. रोप जगतं की मरतं हे पहिल्या दोन उन्हाळ्यांत ठरतं, आणि त्या दोन उन्हाळ्यांचा आमच्या अंदाजपत्रकात पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट: आम्ही मुलांना शिकवत होतो झाडं लावणं. त्या कामाला कायमची मागणी नसते. मागणी कुठे आहे हे आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, कार्यक्रम थांबवायचे आणि फक्त प्रशिक्षण चालवायचं. याला माझा कल होता. मंडळाच्या अध्यक्षाने विरोध केला. त्याचं म्हणणं, कार्यक्रम असला की वस्ती गोळा होते, बायका येतात, आजोबा येतात, पोरांचं काम चार लोकांना दिसतं. तो बंद केला तर टेकडीवर काम करणाऱ्या पोराला कोण विचारणार? त्याचं बरोबर होतं. ज्या मुलाच्या कामाला वस्तीत मान नाही तो ते काम सोडतो, हे मी नंतर स्वतः पाहिलं.

दुसरा, मुलांना सरकारमान्य कौशल्य केंद्रात पाठवायचं. तिथे 'माळी' हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे आणि प्रमाणपत्राला बाहेर किंमत आहे. अडचण अशी की केंद्र दोन बस बदलून गाठावं लागत होतं, आणि मुलींच्या घरून त्याला नकार होता.

तिसरा, पुन्हा ठेकेदारांकडे लावायचं, पण लेखी करारावर. एका अनुभवानंतर याला मुलं तयार नव्हती.

चौथा पर्याय आमच्या डोक्यातून आला नाही. तो आला वस्तीतल्या बायकांकडून. आसपासच्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याचं करायचं काय हा प्रश्न होता. घनकचऱ्याच्या तेव्हाच्या, २०१६ च्या नियमांनुसार मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण अशा सोयी करणाऱ्यांना मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. म्हणून अनेक सोसायट्यांनी खताचे हौद बांधले, पण ते चालवायचे कसे हे कोणाला ठाऊक नव्हतं. वास यायचा, अळ्या व्हायच्या, सभासद भांडायचे, हौद बंद पडायचा. या घरांमध्ये काम करणारी एक मावशी आमच्या बैठकीत म्हणाली, "आमच्या बाईंचा खताचा हौद सहा महिने बंद आहे. तुमच्या पोरींना येतं की ते. मी विचारू का?"

एवढ्या साध्या प्रश्नाने पुढचं सगळं फिरलं. आम्ही नोकऱ्या शोधत कंपन्यांकडे आणि ठेकेदारांकडे फिरत होतो, आणि प्रत्येक सोसायटीच्या आतला माणूस आमच्या वस्तीतच राहत होता.

निर्णय

कंपनीशी बोलणं सर्वांत अवघड गेलं. त्यांना वार्षिक अहवालात रोपांचा आकडा हवा होता. आम्ही ४१ हा आकडा त्यांच्यापुढे ठेवला. लपवावा असं आमच्यातल्या काहींचं मत होतं, आणि त्यावर आमच्यात वाद झाला. मला वाटतं, तो आकडा सांगणं हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय होता. समोरच्या अधिकारी बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, आमच्या इतर ठिकाणी तरी कोण मोजतं. त्यानंतर त्या मोकळेपणाने बोलल्या.

ठरलं ते असं: रोपं ३०० ऐवजी १२०. कार्यक्रम जुलैच्या मध्यावर, पाऊस किती झाला ते बघून, तारीख आठ दिवस आधी जाहीर करायची. टी-शर्ट नाहीत. वाचलेले पैसे मुलांच्या मानधनाला, दोन वर्षांसाठी. आणि कंपनीच्या अहवालात लावलेल्या रोपांऐवजी दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेली रोपं मोजायची. मानधन आम्हाला हवं होतं त्यापेक्षा कमी मंजूर झालं, पण प्रशिक्षणाची वेळ सकाळी सात ते अकरा केल्यामुळे मुलांना दुपारचं काम करता आलं.

मुलींसाठी एक अट घरच्यांनी घातली आणि ती आम्ही आधीच घालायला हवी होती: टेकडीवर स्वच्छतागृह नाही, तर पायथ्याच्या शाळेचं वापरायची परवानगी घ्या. शाळेने एका अर्जात दिली. पहिल्या वर्षी पाचपैकी चार मुली गळाल्या त्याचं हेही कारण होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही.

प्रत्यक्ष काम

दुसऱ्या तुकडीत १६ जण, त्यात नऊ मुली. माळीकाकांना मुख्य शिक्षक केलं. त्यांचा वर्ग म्हणजे काम करता करता बोलणं.

या खेपेला आम्ही स्वतःची रोपंही तयार करायला घेतली. मेमध्ये मुलं टेकडीवरून आणि रस्त्याकडेच्या झाडांखालून बिया गोळा करून आली. करंज, बहावा, पळस. कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैत पिकल्या तशा आणल्या. बहाव्याचं बी कठीण. काकांनी ते खरखरीत दगडावर घासून, गरम पाण्यात रात्रभर ठेवायला लावलं. निंबोळीचं उलटं: ती लगेच पेरायची, कारण कडुनिंबाचं बी काही आठवड्यांत मरतं. एका मुलाने निंबोळ्या पिशवीत भरून महिनाभर घरी ठेवल्या होत्या, त्यातलं एकही उगवलं नाही. त्याला कोणी रागावलं नाही. पण पुढच्या वर्षी तोच मुलगा बाकीच्यांना निंबोळीची आठवण करत फिरत होता. या बियांपासूनची आमची रोपं त्या वर्षी लागवडीला तयार नव्हती, म्हणून १२० बाहेरून आणली. पण आणताना प्रत्येक रोपाचं बूड मुलांनी तपासलं आणि मुळं गुंडाळलेली रोपं विकणाऱ्या रोपवाटिकेला परत केली. मालक चिडले, मग बदलून दिली.

खड्डे मेमध्येच खणले आणि उन्हात तापू दिले. राडारोडा बाजूला काढला, त्याचेच छोटे बांध घातले. गाळाची माती, शेणखत, पालापाचोळा. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांनी रोप लावलं की ते रोप सांभाळायला दिलेला मुलगा किंवा मुलगी ते पुन्हा तपासायची: मान मातीत पुरली तर नाही ना, पिशवी पूर्ण काढली ना, काठी खोडाला घासत तर नाही ना. सुतळी आठच्या आकड्यात बांधायची, नायलॉनची दोरी नाही, कारण ती वाढत्या खोडात रुतते.

नंतरचे कार्यक्रम लहान होते आणि मला तेच जास्त आवडले. हिवाळ्यापासून दर रविवारी टेकडीवर येणाऱ्या प्रत्येकाने पाण्याची एक बाटली वर आणायची आणि पाटीवर नाव असलेल्या रोपाला घालायची. पाटीवर रोपाचं नाव आणि ते सांभाळणाऱ्याचं नाव. रोज फिरायला येणाऱ्या एका काकूंनी एका मुलीला थांबवून विचारलं, "ही तूच का गं?" त्या मुलीने घरी जाऊन तीनदा सांगितलं. फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या दिवशी मंडळ आणि सकाळी फिरणारे असे सगळे विळे घेऊन आले. जानेवारीत गवत पिवळं पडलं की टेकडीला कधीही आग लागू शकते, आणि त्या वर्षी मार्चमध्ये लागलीच. जाळरेषेच्या आतली रोपं वाचली, बाहेरची सात जळाली.

दसऱ्याचा एक प्रसंग. टेकडीवर जुने आपटे आहेत. सोन्यासाठी लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडतात. आदल्या दिवशी मुली झाडांजवळ उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याला म्हणाल्या, फांदी नका मोडू, आम्ही पानं देतो. प्रत्येकाला पाच पानं, स्वतः खुडलेली. बहुतेकांनी ऐकलं. एका गृहस्थांनी ऐकलं नाही आणि फार वाईट बोलले. त्या संध्याकाळी आम्ही मुलींशी बसून बोललो, आणि पुढच्या वर्षी मंडळाची मोठी माणसं सोबत ठेवली.

खताचं काम समांतर चालू होतं. मावशीच्या बाईंच्या सोसायटीत दोन मुलींनी बंद हौद उघडला. ओल्या कचऱ्यावर कोरडा पाला पडत नव्हता, एवढंच कारण होतं. सोसायटीचा पाला रोज झाडून गेटबाहेर जात होता किंवा कोपऱ्यात जाळला जात होता. मुलींनी तो पोत्यात साठवायला लावला, कचऱ्यावर थराथराने टाकला, ताकाचं पाणी शिंपडलं, दर चार दिवसांनी खालीवर केला. तीन आठवड्यांत वास गेला. सोसायटीने महिन्याचा करार केला. पाचव्या महिन्यापर्यंत अशा चार सोसायट्या झाल्या आणि चारही कोणाच्या ना कोणाच्या आईने आणल्या होत्या.

अपघात

सोसायट्यांकडून पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या काढायची मागणी येऊ लागली. या कामाला पैसे चांगले. पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) आणि गुलमोहर वाऱ्यापावसात मोडतात म्हणून मे महिन्यात सगळेच घाबरतात. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यामुळे महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदी तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर ५० वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. परवानग्यांचं आम्ही नीट केलं. सुरक्षेचं केलं नाही.

एका मुलाचा पाय घसरला आणि तो साधारण दहा फुटांवरून पडला. मनगट मोडलं. कमरेला पट्टा नव्हता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, विमा नव्हता. उपचाराचा खर्च संस्थेने केला, आणि त्याच्या बुडालेल्या कमाईपैकी दोन महिन्यांची भरपाई दिली. ती पुरेशी नव्हती. त्याची आजी मला म्हणाली, "पोरगं झाडावरून पडलं याचं मला वाईट नाही वाटत, आमची पोरं झाडावर चढतातच. पण तुम्ही शिकवायला घेतलं होतं ना?" मला तिला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसापासून जमिनीवर उभं राहून जेवढं होतं तेवढीच छाटणी. उंचावरची कामं नाकारली. त्यामुळे उत्पन्न घटलं, दोन मुलं नाराज होऊन गेली. निर्णय बदलला नाही.

काय हाती लागलं

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर १२० पैकी ८९ रोपं जिवंत होती. वणव्यातली सात वगळता बाकीची बहुतेक पहिल्या उन्हाळ्यात गेली, राडारोड्याच्या सर्वांत खराब तुकड्यावरची.

१६ पैकी १३ जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं. वर्षभराने आठ जण या कामात होते. पाच मुलींचा खत आणि कुंड्यांच्या देखभालीचा गट, दोन मुलं एका रोपवाटिकेत, एक जण माळीकाकांसोबत बंगल्यांच्या बागा करतो. बाकीच्या पाचांत एकीचं लग्न झालं, एक पुढे शिकतेय, तिघं डिलिव्हरीला परत गेले. ज्याचं मनगट मोडलं तो त्या तिघांत आहे. तो रविवारी टेकडीवर येतो. त्याच्या नावाची पाटी असलेलं करंज चांगलं उंच झालंय.

मुलींच्या गटाचं उत्पन्न महिन्याला कमी-जास्त होतं. दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत सोसायट्यांचा कचरा कमी होतो, पण करार महिन्याचा असल्याने पैसे मिळतात, आणि हे त्यांनी स्वतः करारात लिहून घेतलं. करार मी लिहिला असता तर मला हे सुचलं नसतं. पुण्यात कचरावेचक बायकांनी संघटना बांधून महापालिकेशी करार मिळवल्याचं उदाहरण आहे. गटातल्या मुली 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या बायकांना भेटून आल्या आणि हजेरीवही, गणवेश, ओळखपत्र या तीन गोष्टी तिथून शिकून आल्या. ओळखपत्रामुळे सोसायटीचा वॉचमन गेटवर अडवत नाही. हा फायदा मला तोवर माहीत नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

सुरक्षेची साधनं आणि विमा पहिल्या दिवशी, पहिल्या रुपयातून. यात दुसरं मत असू शकत नाही.

माळीकाकांना पहिल्या वर्षी पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांना अंदाजपत्रक करताना बसवायला हवं होतं. ज्याला पाणी घालायचंय त्याने खर्चाचा कागद वाचला असता तर टँकर नाही हे पाच मिनिटांत लक्षात आलं असतं.

मानधनाबद्दल माझं मत पक्कं झालंय, पण संस्थेत अजून दुमत आहे. काही सहकाऱ्यांना वाटतं, मानधन दिलं की मुलं मानधनासाठी येतात. येतातच, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. मीही पगारासाठी येते. ज्या तीन मुलांना ठेकेदाराने बुडवलं त्यांच्यासाठी आम्ही लेखी तक्रारही केली नव्हती. कामगार कार्यालयात जाऊन त्यांच्यासोबत उभं राहायला हवं होतं. ते पैसे लहान असतील, पण वस्तीने ते वर्षभर लक्षात ठेवले.

एका गोष्टीचं उत्तर अजून नाही. मुलांनी काम टिकवलं ते कमी आणि मुलींनी टिकवलं ते जास्त. सोसायट्यांना मुली घरात आलेल्या चालतात, मुलं चालत नाहीत, हे एक कारण. पण मुलांना खताचं काम कमीपणाचं वाटतं हेही आहे, आणि ते आम्ही उघड बोललो नाही. कचऱ्यात हात घालणं कोणाच्या वाट्याला यायचं, याला आपल्याकडे जातीचा मोठा इतिहास आहे. वस्तीतल्या काही घरांनी पिढ्यान् पिढ्या ते ओझं वाहिलं आणि मुलांना त्यातून बाहेर काढण्यासाठी शाळेत घातलं. एका वडिलांनी मला तेच सांगितलं आणि मुलाला पाठवायला नकार दिला. त्यांचा नकार मला मान्य आहे. त्यांच्या मुलाला रोपवाटिकेत घेता आलं असतं, ते मला तेव्हा सुचलं नाही. यंदा मी पुन्हा त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांनी हो म्हटलेलं नाही, पण मुलगा आमच्यासोबत बिया गोळा करायला दोनदा आला.

या वर्षीचे ८० खड्डे मेमध्ये खणून झालेत. तारीख अजून ठरलेली नाही, पाऊस बघून ठरेल. या खेपेला रोपं आमच्याच पिशव्यांतली आहेत, एका वर्षाची, आणि प्रत्येकाचं बूड बघून झालंय.